मार्शल आर्ट्सची फ्रँचायझी घ्यावी का? करार शेवटच्या पानापासून वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधले एक कराटे प्रशिक्षक शाळेच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी साठेक मुलांना शिकवतात. गेली काही वर्षं ते ब्राझिलियन जिउ-जित्सू ही कुस्तीसारखी पकडींची कलाही शिकतायत आणि त्यात त्यांना निळा पट्टा मिळालाय. एका परदेशी साखळीच्या भारतातल्या प्रतिनिधीने त्यांना फ्रँचायझी देऊ केली आहे. मेहुणे पैसे घालायला तयार आहेत. नाव मोठं आहे, पण दर महिन्याला रॉयल्टी द्यावी लागेल. फ्रँचायझी घ्यावी, की स्वतःच्या नावाने पुढे जावं?

मी पुण्यात शिकवतो. साखळीच्या पाटीखाली शिकवलंय आणि स्वतःच्या पाटीखालीही, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलेलं सांगतो. माझं मत आधीच स्पष्ट करतो. ज्याच्याकडे आज साठ विद्यार्थी आहेत आणि ज्याच्या नावावर पालक मुलं पाठवतात, त्याने करारातली बाहेर पडण्याची कलमं बदलून मिळाल्याशिवाय पूर्ण फ्रँचायझी घेऊ नये. नुसती संलग्नता मिळत असेल तर जरूर घ्यावी.

तुमच्यापुढे नेमकं काय ठेवलंय ते आधी तपासा, कारण तीन वेगळे व्यवहार एकाच नावाने विकले जातात. पहिला प्रकार संलग्नतेचा. वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची, गुरुकुलाचा बिल्ला लावायचा, वर्षातून एकदोनदा मोठ्या प्रशिक्षकाचं शिबिर घ्यायचं. बाकी जागा, फी, वेळापत्रक सगळं तुमचं. दुसरा प्रकार साखळी-शाळेचा. ग्रेसी बारा हे त्याचं ठळक उदाहरण. कार्लोस ग्रेसी ज्युनियर यांनी १९८६ मध्ये रिओ द जानेरोच्या बारा दा तिजुका भागात ती शाळा सुरू केली आणि आज जगभर तिच्या शेकडो शाखा आहेत. कोणत्या आठवड्यात कोणती तंत्रं शिकवायची ते तिथे ठरलेलं असतं आणि गणवेशही त्यांचाच घालावा लागतो. तिसरा प्रकार फिटनेसचा. अमेरिकेतली नाइनराउंड २००८ मध्ये सुरू झाली, यूएफसी जिम २००९ मध्ये. नाइनराउंडमध्ये नऊ स्टेशनं, प्रत्येकी तीन मिनिटं, बॅचची वेळच नाही. माणूस येतो, अर्धा तास बॅगवर घाम गाळतो आणि जातो. हा धंदा म्हणून वेगळा आणि प्रामाणिक आहे, पण त्यात गुरू-शिष्य, पट्टा, स्पर्धा यांना फारशी जागा नाही. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराशी जुळतं, म्हणून पुढचं त्याबद्दलच.

आधी फायदे, कारण ते खरे आहेत.

आपण शिकवणारी माणसं लाथ कशी मारायची ते दाखवतो, पण शाळा कशी चालवायची ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. साखळीची नियमपुस्तिका नेमकं हेच शिकवते. चांगल्या शाखेतली सहा वर्षांच्या मुलांची बॅच एकदा बघा. मूल दारात येतं तेव्हा त्याला नावाने हाक मारणारी एक व्यक्ती तिथे उभी असते. चपला कुठे, पाण्याची बाटली कुठे, सगळं ठरलेलं. मॅटवर रंगीत ठिपके चिकटवलेले असतात आणि प्रत्येक मूल आपल्या ठिपक्यावर उभं राहतं. पहिली पाच मिनिटं धावण्याचा खेळ, मग एकच तंत्र, तेही तीन तुकड्यांत, मग पुन्हा खेळ. पंचेचाळिसाव्या मिनिटाला बॅच संपते, पन्नासाव्याला नाही. पालक काचेच्या अलीकडे बसतात आणि मधूनच "हात वर कर रे" असं ओरडत नाहीत, कारण पहिल्याच दिवशी त्यांना तसं समजावून सांगितलेलं असतं. मूल सलग तीन वर्गांना आलं नाही की घरी फोन जातो. फी एक तारखेला आपोआप वळती होते. मराठी शिक्षकाला फी मागताना जो संकोच होतो आणि त्यापायी जी बाकी थकते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या माणसाला ही घडी बसवायला बरीच वर्षं जातात. साखळी ती तयार हातात देते.

दुसरा फायदा मुलांच्या सुरक्षिततेचा, आणि या बाबतीत मी उघडपणे साखळ्यांच्या बाजूने आहे. कुस्तीच्या अंगाने जाणाऱ्या खेळात शरीराला शरीर लागतं. चांगल्या साखळीत नियम लिहिलेले असतात. मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, कपडे बदलण्याच्या खोलीत प्रशिक्षकाने जायचं नाही, मॅटवर कॅमेरा हवा, तक्रार कुणाकडे करायची ते भिंतीवर लावलेलं हवं. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्याप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि छोट्या वर्गांच्या चालकांपैकी अनेकांना हे माहीतही नसतं. फ्रँचायझी घ्या किंवा घेऊ नका, हे नियम मात्र उद्यापासून तुमच्या हॉलमध्ये लागू करा. त्याला रॉयल्टी लागत नाही.

स्वच्छतेचंही तसंच. पावसाळ्यात मॅट सुकत नाही, गी (सरावाचा गणवेश) दोन दिवस ओलसर राहतो आणि एका मुलाचं गजकर्ण पंधरवड्यात अर्ध्या बॅचला होतं. मॅट दिवसातून किती वेळा, कशाने पुसायची, डाग दिसलेल्या मुलाला घरी कसं पाठवायचं, हे साखळीत लिखित असतं आणि पाळलंही जातं.

तिसरा फायदा खास तुमच्यासाठी आहे. तुमच्याकडे निळा पट्टा आहे, आणि जिउ-जित्सूत पट्टे देण्याचा अधिकार ब्लॅक बेल्टकडे असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार प्रौढाला निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड वर्ष आणि तपकिरीवर एक वर्ष काढावं लागतं. म्हणजे कागदावरसुद्धा काळ्या पट्ट्याला साडेचार वर्षं, आणि प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून खूप जास्त. तोवर तुमच्या मुलांना पट्टा कोण देणार, आणि तुम्हाला कोण शिकवणार? साखळीकडे याचं उत्तर असतं. पण हेच उत्तर संलग्नतेतही मिळतं, कितीतरी कमी पैशांत. साखळी परदेशी प्रशिक्षक पाठवू म्हणत असेल तर त्याचा रोजगार व्हिसा, राहणं आणि पगार कोणाच्या खिशातून ते विचारा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला पगार देऊन शिकवायला उभं करता येत नाही.

आता हिशेब. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

दीड हजार चौरस फुटांची तळमजल्याची जागा धरू. साखळीला रस्त्यावरून दिसणारी जागाच लागते. ऑफिस, स्वच्छतागृह, पालकांची बसण्याची जागा वजा जाता मॅटला हजार फूट उरतात. त्यावर एका वेळी दहा-बारा जोड्या सुरक्षितपणे लढू शकतात. शंभर विद्यार्थी, प्रत्येकी महिना २,५०० रुपये, म्हणजे जमा २,५०,०००. भाडं ७५,०००, दोन प्रशिक्षकांचे पगार ७०,०००, वीज, सफाई, सॉफ्टवेअर, फोन मिळून २५,०००. रॉयल्टी आठ टक्के आणि जाहिरात निधी दोन टक्के, म्हणजे २५,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी ४,५००. हातात राहिले ५०,५००. साखळीचं प्रवेश शुल्क, सजावट, मॅट, अनामत यासाठी पंधरा लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं असेल तर हप्ता साधारण ३३,४०० रुपये. शेवटी तुमच्या आणि मेहुण्यांच्या वाट्याला दोघांत मिळून सतरा हजार येतात, तेही शंभर विद्यार्थी असताना. आजचे साठ धरले तर जमा दीड लाख, आणि हप्त्याच्या आधीच महिन्याला ३७,७०० ची तूट. कित्येक करारांत "किमान रॉयल्टी" असते, म्हणजे विद्यार्थी कमी झाले तरी ती ठरलेली रक्कम द्यावीच लागते. तसं असेल तर तूट आणखी वाढेल.

जीएसटीचा एक बारकावा नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवांवरचा दर अठरावरून पाच टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट बंद झालं. तुमचे वर्ग त्या दरात बसत असतील तर रॉयल्टीवर आणि प्रवेश शुल्कावर भरलेला अठरा टक्के कर तुम्हाला वळता करून घेता येणार नाही, तो थेट खर्चात जाईल. साखळीच्या प्रतिनिधीने दाखवलेला जुना तक्ता यामुळे चुकतो. तुमचे वर्ग नेमक्या कोणत्या दरात बसतात हे सीएकडून लेखी घ्या. आज शाळेच्या हॉलमध्ये वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर तुम्हाला नोंदणीच लागत नसेल. वरच्या उदाहरणातली शाखा वर्षाला तीस लाखांवर जाते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात नसते, ती म्हणजे आपलं वर्ष. परदेशातली पुस्तिका सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होतात असं धरून लिहिलेली असते. आपल्याकडे भरती जूनमध्ये आणि उन्हाळी शिबिरांत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच नव्हे तर पाचवीचं मूलसुद्धा परीक्षेसाठी घरी बसतं. पुण्यात तर जुलैपासून ढोल-ताशा पथकांच्या सरावाला तरुण मुलं जातात ती विसर्जनानंतरच परततात, आणि नाशिकलाही पथकं काही कमी नाहीत. दिवाळीत पंधरा दिवस शुकशुकाट. स्वतःची शाळा असेल तर या महिन्यांत तुम्ही बॅचेस एकत्र करता, शिबिर घेता, फीत सवलत देता. साखळीत सवलतीलाही वरून परवानगी लागते.

पैशांपेक्षाही मला तुमच्या बाबतीत जास्त काळजी वाटते ती एका कलमाची. बहुतेक साखळ्या त्याच छताखाली दुसरी कला शिकवायला मनाई करतात. तुमची साठही मुलं कराटेची आहेत. त्यांचे पालक दहावीच्या क्रीडागुणांचं विचारतात, शालेय स्पर्धांचं विचारतात. ते गुण शासनाने मान्य केलेल्या खेळांच्या, मान्यताप्राप्त स्पर्धांनाच मिळतात आणि प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो. साखळीच्या अंतर्गत स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. जिउ-जित्सू अप्रतिम कला आहे, मी तिच्यावर मनापासून प्रेम करतो, पण आठवीतल्या मुलाच्या आईला त्या क्षणी कराटेचा शालेय स्पर्धेतला सहभाग हवा असतो. कराटे बंद करून त्या मुलांना जिउ-जित्सूच्या गी-मध्ये उतरवलं तर किती राहतील याचा अंदाज तुम्हीच करा. मी असतो तर या एका कलमावर व्यवहार थांबवला असता.

पट्ट्याचंही विचारा. साखळी सोडल्यावर तो कुणाच्या नावावर उभा राहतो? तायक्वांदोत सोलच्या कुक्कीवॉन या मुख्य संस्थेचं ‘डान’ (काळ्या पट्ट्याची श्रेणी) प्रमाणपत्र थेट त्या माणसाच्या नावाने येतं. तो कोणत्या वर्गात शिकला याने पुढे फरक पडत नाही. साखळीने स्वतःच्या श्रेणी काढल्या असतील, मधले पट्टे आणि पट्ट्यांवरच्या पट्ट्या वाढवल्या असतील, तर बाहेर त्यांना किंमत नसते. परीक्षा किती वेळा घ्यायची हे कोण ठरवतं तेही बघा. दर तीन महिन्यांनी परीक्षा सक्तीची असेल आणि तिच्या शुल्कातला वाटा वर जात असेल, तर मूल तयार नसताना त्याला पट्टा देण्याचा दबाव तुमच्यावर येणार. तुमच्या हातून मिळालेल्या पट्ट्याची किंमत पहिल्या खुल्या स्पर्धेत सगळ्यांसमोर कळते.

आता करार. तो शेवटून वाचायला घ्या, कारण सुरुवातीची पानं मदतीच्या आश्वासनांची असतात आणि तुमचं नशीब शेवटच्या चार-पाच पानांत असतं.

माझ्या ओळखीतल्या एका प्रशिक्षकाने मुदत संपल्यावर साखळी सोडली. पाटी उतरवायची, रंग बदलायचा, हे त्याला मान्यच होतं. पण गुगल मॅप्सवरची शाखेची नोंद कंपनीच्या खात्यातून उघडलेली होती. त्याच्या हातून घडलेल्या मुलांच्या आईबापांनी लिहिलेले सगळे अभिप्राय तिथेच राहिले. फोन नंबर कंपनीने दिलेला, तोही गेला. हजेरीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी बंद, त्यात पालकांचे नंबर. त्याची बहुतेक मुलं त्याच्याकडेच आली, कारण मुलं माणसाकडे येतात. कोल्हापुरात गंगावेस किंवा मोतीबाग तालमीचा पैलवान म्हणून ओळख असते ती वस्तादांमुळेच. पण नंबर एकेक करून गोळा करण्यात त्याची भरतीची जून-जुलै वाया गेली.

म्हणून सहीच्या आधी लिहून घ्या: विद्यार्थ्यांच्या याद्या आणि नंबर तुमचे, गुगलची नोंद तुमच्या खात्यातून, फोन नंबर तुमच्या नावावर. करार संपल्यावर स्पर्धा करायची नाही अशी अट असेल तर तिने लगेच घाबरून जाऊ नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यावरची बंदी सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते, आणि करार संपल्यानंतरच्या अशा बंधनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात तीच भूमिका घेतली. पण करार चालू असतानाची बंधनं वेगळी. ती लागू होतात, हे १९९५ च्या गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला खटल्यापासून स्पष्ट आहे. म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीत "दुसऱ्या हॉलमध्ये माझा कराटेचा वर्ग चालू ठेवतो" असं म्हणता येईलच असं नाही, करारात सूट लिहिलेली असल्याशिवाय. वाद मिटवायचं ठिकाण सिंगापूर किंवा लंडन लिहिलं असेल तर ते बदलून घ्या. तिथे भांडण्याइतके पैसे तुमच्याकडे असणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असतं.

मुदतीही जुळवा. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागेचं लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचं असेल, तर चौथ्या वर्षी मालकाने जागा मागितल्यावर सजावटीचा खर्च पुन्हा करावा लागतो आणि रॉयल्टी चालूच राहते. शिवाय तुमचा करार भारतातल्या प्रतिनिधीशी आहे, मूळ कंपनीशी नाही. उद्या त्या प्रतिनिधीचे हक्क गेले तर तुमच्या शाखेचं काय, हे मूळ कंपनीकडून लेखी हवं.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे कंपनीने तुम्हाला काय काय उघड करून सांगावं याची सक्ती नाही. अमेरिकेत आहे. तिथे सहीच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांचा दस्तऐवज द्यावा लागतो. तुमची साखळी अमेरिकेत फ्रँचायझी विकत असेल तर तो मागा. विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर असे दस्तऐवज शोधून वाचताही येतात. सातव्या मुद्द्यात सुरुवातीचा खर्च असतो, आणि विसाव्यात गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद पडल्या, किती हात बदलल्या ते असतं. तो विसावा मुद्दा दोनदा वाचा. एकोणिसावा मुद्दा कमाईचा. तिथे कंपनीने काहीच लिहिलं नसेल आणि प्रतिनिधी मात्र तुम्हाला तोंडी मोठे आकडे सांगत असेल, तर ते आकडे त्याच्या सहीने कागदावर मागा.

साखळी कुणाला फायद्याची ठरते तेही सांगतो. शिकवण्याचा अनुभव नसलेला पण भांडवल असलेला माणूस, मोठ्या शहरात, जिथे बाहेरगावाहून आणि परदेशातून आलेले लोक ओळखीचं नाव शोधत येतात, तिथे ती चालते. बाणेर, हिंजवडी, पवई अशा ठिकाणी नावाचा उपयोग होतो. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या पालकाला त्या परदेशी नावापेक्षा "सरांकडे कुणाची मुलं जातात" हे महत्त्वाचं वाटतं. ते नाव तिथे रुजवण्याचा खर्च तुम्ही कराल आणि नाव कंपनीचं वाढेल.

तेव्हा प्रतिनिधीला प्रतिप्रस्ताव द्या. पूर्ण फ्रँचायझीऐवजी फक्त जिउ-जित्सूच्या बॅचसाठी एक वर्षाची संलग्नता, आठवड्यातून तीन दिवस, आहे त्याच हॉलमध्ये, कराटेला हात न लावता. वर्षातून दोन शिबिरं आणि पट्ट्यांची परीक्षा त्यांच्या ब्लॅक बेल्टकडून. वर्षअखेर प्रौढांची बॅच पंचवीस-तीसवर गेली आणि टिकली, तर मोठ्या जागेचं बोलू. ते नाही म्हणाले तर मुंबई-पुण्यात स्वतंत्र ब्लॅक बेल्ट आहेत. महिन्यातून एक रविवार येऊन शिकवायला आणि तुमच्या मुलांची जबाबदारी घ्यायला त्यांतले काही आनंदाने तयार होतात. मेहुण्यांचे पैसे आधी चांगल्या मॅट्समध्ये घाला. मॅट शाळेच्या हॉलमधून उचलून कुठेही नेता येते, सजावट नेता येत नाही. आणि त्यांच्याशी भागीदारीचा करार नोंदवून घ्या, त्यात तोटा कोणी किती सोसायचा हे नफ्याच्या आधी लिहा.

एखाद्या चालू शाखेला भेट द्यायला प्रतिनिधी नेईल तेव्हा तो दाखवेल ती शाखा बघाच. पण दुसऱ्या एखाद्या शाखेत न सांगता, महिन्याच्या मधल्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या बॅचला जा. मॅटवरची मुलं मोजा. शाखाचालक स्वतः शिकवतोय की काउंटरवर बसलाय ते बघा. बॅच सुटल्यावर त्याला चहाला बाहेर घेऊन जा आणि करार संपल्यावर तो पुन्हा सही करणार का, एवढं विचारा.